शेटचं पारडं

वैद्यांनी वजन कमी करायला सांगितल्यापासून बळवंतशेटनी भात सोडला होता. वसमतेतल्या आपल्या आडतीवर, हळदीची पोती तोलायच्या काट्यात ते रोज सकाळी उपाशीपोटी बसत. वजन आज दोन शेर उतरे, उद्या तीन शेर चढे.

"पाणी पिलं तरी काटा हलतो, शेट," तोलारी किशनबा म्हणायचा. "रोज काहून बसता? आठ दिसाला बघत जा."

शेटनी ऐकलं. महिन्याभरात गाल बसले, बोटातली अंगठी ढिली झाली. वजन मात्र चढतच गेलं.

आज किशनबानं आधी रिकामा काटा तपासला. दोन्ही पारडी बराबर राहिली. मग शेट बसले, आणि निजाम सरकारच्या छापाची होती नव्हती ती सगळी मापं समोर चढवावी लागली.

"काटाच खोटं बोलून राहिला," शेट चिडून म्हणाले. ते उठले आणि दाराशी जाऊन जोडा घालू लागले.

किशनबा खाली मान घालून मापं काढायला वाकला. त्यानं पहिलं माप उचललं, तसं शेटचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं.

"शेट," तो मान वर न करता म्हणाला, "आधी उतरा की तुमी."

दारात शेटचा एक जोडा पायात होता, दुसरा हातात.