परवानगी

“वस्तीचा इतिहास आधी ऐका, शिकवायचं नंतर,” अध्यापक महाविद्यालयातल्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून होऊ घातलेली शिक्षिका वस्तीतल्या आजींच्या दारी गेली. “या! दरवर्षी येता, मला रडवता, मार्क घेऊन जाता,” आजी म्हणाल्या, तरी लेकीचा चेपलेला डबा त्यांनी पुढ्यात ठेवला. त्यांनी सांगितलं: जुन्या शाळेचं छत करकरलं, तेव्हा गुरुजी पोरांना बाहेर काढायची परवानगी आणायला गेले; पोरं शहाण्यासारखी बसून राहिली, ढिगाऱ्यातच सापडली. “तू विचारत बसू नकोस, पोरी.” “नाही बसणार, आजी.” आज वस्तीत नंतर बांधलेल्या शाळेत तिच्या परीक्षेचा पाठ होता. वर वासा करकरला, फळ्यावर माती सांडली. परीक्षक खेकसले, “थांबलात का? पाठ अर्धवट सोडलात तर नापास!” घरी आई निकालाकडे डोळे लावून बसली होती. शिक्षिकेने खडू खाली ठेवला, दार उघडलं. “बाळांनो, दप्तरं राहू द्या. हात धरा, चला.”