अनसूयाबाईंचा खोकला

“मावशी, एखादं नवीन औषध सुरू केलंय का?” डॉ. जिब्राननी दुसऱ्यांदा विचारलं.

अनसूयाबाईंनी मान हलवली. नाही म्हणजे नाही! शेजारी मुलगा देवेश उभा, समोर परका पुरुष. लघवीची जळजळ आणि तिच्यावरची गोळी, याची वाच्यता तिथं कशी करायची? जीव गेला तरी बेहत्तर.

सगळी त्या मेल्या दुष्काळाची करणी. मुकुंदवाडीत नळाला आठव्या दिवशी पाणी, बाकी भिस्त टँकरवर. पाणी पुरवायचं म्हणून अनसूयाबाई घोटघोटच प्यायच्या आणि दुखणं ओढवून बसल्या. लेडी डॉक्टरांनी सहा महिने रोज एक गोळी सांगितली. जेवण झालं की सून चारुता न विसरता हातावर ठेवायची.

डॉक्टर आता देवेशला एक्स-रे दाखवत होते. “हा साधा न्यूमोनिया नाही. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी फुप्फुसात गर्दी करतात. कुणाला चार दिवसांत आडवं पाडतो, कुणाला महिनोन्‌महिने खोकवत ठेवतो. कारण जंत असतील, बुरशी, धूळ, नुकतीच लागलेली सिगारेट, नाहीतर एखादं औषध. कधीकधी कारण सापडतच नाही.”

“धूळच!” देवेश म्हणाला. “घरासमोर तीन बिल्डिंगा चढतायत.”

स्टेरॉइडनं तिसऱ्या दिवशी खोकला पळाला. घरी निघताना चारुता एकटीच डॉक्टरांना भेटून आली आणि सासूच्या कानाशी लागली. “आई, मी गोळीचं सांगितलं त्यांना. ह्यांना कळू दिलं नाही.”

“काय म्हणाले गं?”

“चालू ठेवा म्हणाले.”

अनसूयाबाईंना भरून आलं. या पोरीला आपण काय कमी छळलं? दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात टँकरच्या घागरी तिनंच तिसऱ्या मजल्यावर चढवल्या, पाचवा महिना चालू असताना. “आम्ही नाही का वाहिल्या?” म्हणून अनसूयाबाईंनीच धाडलं होतं. मूल गेलं. चारुता एका शब्दानं बोलली नाही. मोठी गुणाची पोर.

देवेशनं खिडक्यांना प्लास्टिक ठोकलं, बिल्डरशी हमरीतुमरी केली. तरी खोकला परत आलाच. पुन्हा दवाखाना, पुन्हा बरं, पुन्हा घर. तिसऱ्या वेळी तर बोलायलाही दम पुरेना. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लागला. चारुता उशाशी बसून होती, जेवायलासुद्धा उठत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. जिब्रान आले ते तणतणतच. त्यांच्या हातात गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट होतं.

“नर्सला हे मावशींच्या उशीखाली सापडलं. फुप्फुसं कडक झालीत आता, यातून बरं होणं कठीण. ताई, ही गोळी याच दुखण्याचं कारण आहे, आजच बंद करा, असं पहिल्याच वेळी बजावलं होतं ना मी तुम्हाला?”

“कुठली गोळी?” देवेश गोंधळला.

अनसूयाबाईंचे डोळे विस्फारले. हात मास्क ओढायला गेला. देवेशनं तो घट्ट धरून ठेवला. “आई, काढू नकोस! काही बोलू नकोस!”

चारुतानं ओढणीनं डोळे टिपले.

“किती वेळा हातातून काढून घेतली हो डॉक्टर,” ती म्हणाली. “ऐकतच नाहीत. लपवून खातात.”