पॅराशूटची घडी

भंगारातून उचललेल्या जुन्या गाडीत त्याने राक्षसी इंजिन बसवलं होतं. सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत ती एकदा सुटली की नुसत्या ब्रेकला जुमानायची नाही. मागे बांधलेलं पॅराशूट उघडावंच लागायचं. त्याची घडी मात्र कायम बायकोच्या हातची.

शर्यतीच्या सकाळी मागितलेला पाना वेळेत मिळाला नाही, म्हणून त्याने तिचं तोंड बॉनेटवर आपटलं.

"रडगाणं नंतर गा. आधी घडी घाल!"

ती रडली नाही. फुटलेला ओठ पुसून तिने घडी घातली, दोऱ्या आवळल्या आणि शांतपणे म्हणाली, "झालं. बसा गाडीत."

शर्यत त्याने मारली. पॅराशूटच्या खटक्याकडे हात गेला आणि तो शांत चेहरा डोळ्यांपुढे आला. जन्मात पहिल्यांदा त्याला बायकोची भीती वाटली. खटका न ओढताच त्याने सगळा जोर ब्रेकवर दिला. गाडी गर्रकन फिरली, कठड्यावर आदळली आणि कोलांट्या खात उलटी पडली.



पत्रा कापून त्याला बाहेर ओढताना कुणाचा तरी हात खटक्याला लागला, आणि पॅराशूट फाडकन उघडलं, नेहमीसारखंच.