डावीकडचे ठिपके

घड्याळजी बेकरीच्या मागच्या खोलीत शिरला, तेव्हा त्याच्या पोत्यावर डॉक्टर बसला होता. साखरेचं पोतं, भिंतीला टेकलेलं, बसून बसून मध्ये खळगा पडलेलं. तो खळगा घड्याळजीचा होता. त्यात दुसरा माणूस इतका आरामात मावलेला बघून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. काखेतली कादंबरी त्यानं टेबलावर ठेवली आणि मैद्याच्या पोत्यावर टेकला.

"झाली वाचून?" बेकरीवाल्यानं विचारलं. "अरे डॉक्टर, तू जरा पाय घे ना, त्याला नीट बसू दे."

अरे डॉक्टर. मागच्या खेपेपर्यंत 'अहो डॉक्टर' होतं. हे अहोचं अरे कधी झालं, कुठे झालं, आणि तेव्हा आपण कुठे होतो, हे घड्याळजीला काही कळेना. डॉक्टर भूल देणारा होता. माणसं झोपवणं हाच ज्याचा धंदा, त्याला कादंबरीतलं काय कळणार, असं घड्याळजीचं ठाम मत होतं. ते कुणाला सांगता येत नसल्यामुळे आतल्या आत आंबत होतं.

घड्याळजी आणि बेकरीवाला, दोघा मित्रांची रीत जुनी. दुपारी भट्टी विझत आली की इथे बसायचं. कादंबरी एकच, वाचणारे दोन. वाचताना मन जिथे अडकेल तिथे समासात पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. आधी वाचणाऱ्यानं डावीकडे, मागून वाचणाऱ्यानं उजवीकडे. बेकरीवाला नेहमी आधी. मग चहा घेत ठिपके जुळवायचे आणि जुळले नाहीत तिथे भांडायचं. डॉक्टर आल्यापासून भांडणं सगळी त्याच्या वाट्याला गेली होती. मागच्या खेपेला एका नायिकेवरून तो आणि बेकरीवाला असे जुंपले की भट्टीतला शेवटचा ट्रे करपला. घड्याळजीसाठी बेकरीवाल्यानं आजवर एक बिस्किट करपू दिलं नव्हतं. "दुकानात गिऱ्हाईक येऊन बसलं असेल," असं म्हणून घड्याळजी त्या दिवशी उठला होता. त्या दिवशी त्याच्या दुकानाला सुट्टी होती.

म्हणून या वेळी त्यानं ठरवूनच टाकलं होतं. भांडणात नाही तर नाही, जुळण्यात तरी डॉक्टरला मागे टाकायचं. कादंबरी महारटाळ होती. एक माणूस वडिलांचं घर विकायला जातो आणि पानंच्या पानं नुसता दारात उभा राहतो. तिसऱ्या प्रकरणात घड्याळजीनं हात टेकले. पुढचं त्यानं वाचलंच नाही. पान उलटायचं, डावीकडे ठिपका दिसला की त्याच्या बरोबर समोर आपला ठेवायचा. बारीक काटे बसवणाऱ्या हाताला त्यात अवघड काय?

बेकरीवाल्यानं पुस्तक उघडलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग मधूनच कुठूनतरी उघडलं.

"कशी वाटली?" डॉक्टरनं विचारलं.

"तुम्हाला नाही आवडायची, डॉक्टर," घड्याळजी म्हणाला. "घाईनं वाचणाऱ्याची नाहीच ही. यातली खरी जागा हेरायला नजर लागते. डावीकडचे ठिपके बघा एकदा. काय हेरलंय एकेक. मी तर म्हणतो, लिहिणाऱ्यापेक्षा ठिपके देणारा मोठा."

डॉक्टर चक्क लाजला. "अहो, काहीतरीच काय," तो म्हणाला.

"तुम्ही कशाला लाजताय?"

"डावीकडचे त्याचेच आहेत," बेकरीवाला पुस्तकातून मान वर न करता म्हणाला. "भट्टीचं काम निघालं होतं. मला सवड नव्हती, म्हणून आधी त्याला दिलं. मी अजून वाचलेली नाही."

तेव्हा कुठे घड्याळजीच्या डोक्यात उजेड पडला. बेकरीवाल्यानं वाचलेल्या पुस्तकाच्या पानापानांत मैदा बसलेला असायचा. वाचून उठलं की मांडी झटकावी लागायची. या पुस्तकात कणभरही नव्हता. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला तेवढं दिसलं नव्हतं.

"एकसुद्धा सुटला नाही," बेकरीवाला म्हणाला. पानं उलटणारं त्याचं बोट आता सावकाश चाललं होतं. "इतक्या वर्षांत तुझं माझं एवढं कधी जुळलं नाही रे."

मी वाचलीच नाही, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. ते घड्याळजीच्या जिभेवर आलेही. पण डॉक्टर आनंदानं नुसता फुलून आला होता. त्यानं बूड सरकवून पोत्यावर अर्धी जागा केली.

"इकडे या तुम्ही, इकडे बसा," तो म्हणाला. "शेवटच्या प्रकरणातला तो कुलपाचा प्रसंग. तिथे ठिपका दिलेला दुसरा माणूस मला आजवर भेटला नव्हता. तुम्हाला काय वाटलं तिथे, ते ऐकायचंय मला."

घड्याळजी जागचा हलला नाही. कुठलं कुलूप, त्याला काय ठाऊक.

बेकरीवाल्यानं पुस्तक मिटलं. हात ॲप्रनला पुसले. हात कोरडेच होते.

"बसा तुम्ही दोघं बोलत," तो म्हणाला. "मी जरा भट्टीतला ट्रे बघून येतो."

तो दार ओढून घेऊन गेला. घड्याळजीनं हळूच मागे भिंतीला हात लावला. भिंतीपलीकडे भट्टी होती, आणि भिंत गार पडली होती.