शेजाऱ्यांचा वाटा

संध्याकाळी हेक्टरच्या जहाजाने वर्षात तिसऱ्यांदा जिब्राल्टरच्या बंदरात नांगर टाकला. दुसऱ्या दिवशी तेल भरून होईपर्यंत खलाशांना किनाऱ्यावर सुट्टी मिळाली. हेक्टरने दाढी करून घेतली, तीनदा कॉफी ढोसली, पण दहा मिनिटांवरच्या घराकडे पाय वळेनात. बापाशी भांडून, घरची बेकरी सोडून बोटीवर गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. परतीच्या लाँचला तासभर उरला असताना शेवटी तो घरचा जिना चढला. बापाने दार उघडलं. “आलास? हात धू.” “सहजच आलो, बाबा.” “मी तरी कुठे तुझी वाट बघत होतो!” टेबलावर बेसनाची कालेन्तिता वाफाळत होती. दुसरा तुकडा मोडताना हेक्टर थबकला. “याचं पीठ आदल्या रात्रीच भिजवावं लागतं ना?” “तुझं जहाज दिसलं की भिजवतो,” बाप सुरी पुसत म्हणाला. “मागच्या दोन्ही वेळी शेजाऱ्यांनी खाल्ली.”