बरोबरीचा खेळ

राक्षसी प्राण्यांच्या झुंजींचा तो गेम वर्षानुवर्षं चालत आलेला. त्यात कुठल्या प्राण्याला किती ताकद द्यायची, हे ठरवायची नोकरी ताईची. धाकटा भाऊ त्याच गेमचा चॅम्पियन. ऐन स्पर्धेच्या तोंडावर ताईने बदल केले आणि तो पहिल्याच फेरीत गारद झाला.

घरात शिरताच तो तिच्यावर ओरडला, "माझ्या कासवाची पार वाट लावलीस तू!"

"त्याच्यापुढे कुणाचं काही चालतच नव्हतं. खेळ बरोबरीचा हवा."

"गरुडही तेवढाच भारी होता. त्याचं नुसतं नख कापलंस. माझ्याच मुळावर का उठलीस?"

"गरुड खेळवणारा माझा कुणी लागत नाही," ताई म्हणाली. "तू लागतोस, आणि ते ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे."