चंदनाचा हार

२००४च्या हिवाळ्यात नीलांबरी दर शनिवारी अमेरिकेतल्या कोलंबसजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये हौसेने मदतीला जायची. त्या दिवशी एका चिनी पंडिताचं दालन लावायचं होतं. तो तरुणपणी याच गावात शिकला होता आणि मायदेशी परतून मंत्री झाला होता. त्याचा मोठा फोटो भिंतीवर अगदी ओकाबोका वाटत होता. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार हवाच, म्हणून तिने इंडियन स्टोअरमधून आणलेला चंदनाचा हार त्याला घातला.

मागे सरकून बघितलं, तर फोटोच्या काचेत तिचं स्वतःचं प्रतिबिंब पडलं होतं आणि हार नेमका त्या प्रतिबिंबाच्या गळ्यात आला होता. तिला कसंतरीच झालं. तिने घाईघाईने हार काढून पर्समध्ये कोंबला.

काचेतल्या नीलांबरीच्या गळ्यात हार तसाच होता.

तिने मान हलवली. काचेतली मान हलली नाही. फोटोसाठी हसतात तशी जरा हसून काचेतली नीलांबरी समोर बघत राहिली.

दारातून तिच्या नवऱ्याची हाक आली. "नीलू, झालं का गं? गाडी चालूच ठेवलीय."

"निमिष, आधी इकडे ये! हे बघ ना!"

निमिष आत आला आणि तिच्या अगदी शेजारी उभा राहिला. त्याची नजर काचेवर गेली. तिने त्याचा दंड धरून हलवला, तरी तो तिच्याकडे वळला नाही.

त्याने हळूच पायातले बूट काढले आणि काचेतल्या हसऱ्या नीलांबरीला हात जोडले.